बुहाजरांची कबर

माझी बायको चेन्सा पहाटे गेली. दुपारी मी कबर उघडून घ्यायला दफनभूमीत गेलो. आमच्या माल्टात मेलेल्याला फार ताटकळत ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना, मग माती. त्याआधी कबर उघडायची, जुनी हाडं कडेला सारायची आणि नव्या माणसाला जागा करायची.

आमची कबर माझ्या आजाने स्वतः दगड कापून बांधलेली. तीत आजा-आजी, माझे आईबाप आणि सगळ्यांत वर आमचा मुलगा जोर्ज. जोर्ज बावीस वर्षांचा होता. खाणीत वरून दगड निसटला आणि त्याच्या डोक्यात बसला. हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत चेन्साने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "मला जोर्जला लागून ठेव. तू मागून ये, पण आमच्या मध्ये झोपू नकोस." मी हो म्हटलं होतं. एवढ्या वर्षांचं लग्न, पण मागणं असं तिचं हे एकच.

कबरी खणणारा नेनू शेजारच्या गावचा. जुना माणूस थकला म्हणून गेल्या नाताळापासून हा आला. कामाला चांगला, फक्त गाव त्याचं नव्हे. त्याने पहार टेकवली, सांध्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"काका, ही तर मी आत्ताच बंद केली."

"आत्ताच म्हणजे?"

"तीन आठवडे झाले असतील. तुमचा तो ऑस्ट्रेलियाचा माणूस नाही का आला, पेटीतून, विमानाने."

"ऑस्ट्रेलियात माझं कुणी नाही."

"तुम्ही बुहाजर ना?"

"बुहाजर."

"मग?" नेनू म्हणाला. वर संगमरवर होता, त्यावर कोरलं होतं: साल्वू बुहाजर आणि कुटुंब. साल्वू म्हणजे माझा बाप.

"उघड," मी म्हटलं.

"वर्षभर उघडता येत नाही काका. आत ताजं प्रेत असलं की कायदा आहे."

"फट पाड नुसती."

त्याने शिळा वीतभर सरकवली. मी वाकून बघितलं. आत चकचकीत लाकडाची पेटी, आमच्याकडे असलं लाकूड कुणी वापरत नाही. तिच्यावर पितळी पट्टी, पट्टीवर साल्वू बुहाजर. माझ्या बापाला जाऊन जन्म लोटला. तरी माझं डोकं असं फिरलं की वाटलं, तो कुठेतरी जाऊन नवी पेटी करून परत आला.

"वरचा कुठे आहे?" मी विचारलं.

"कोण वरचा?"

"माझा मुलगा. सगळ्यांत वर होता तो."

नेनूने पहार खाली ठेवली. "त्या मेलेल्याची मुलगी आली होती बरोबर. मी तिला म्हटलं, बाई, खाली जुने आहेत ते तळाला सारतो, हा वरचा कुणाचा कोण? ती म्हणाली, हा माझा आजा. तो शेवटचा गेला होता, म्हणून वरचा तोच. मग स्वतः आत उतरली. एकेक हाड उचलून चादरीत ठेवलं. मला म्हणाली, तू जा, चहा पिऊन ये. मी गेलो. परत आलो तर पेटी दारात उभी."

"आणि चादर?"

"मला वाटलं तिने आतच कुठेतरी ठेवली."

बॅटरी लावून आम्ही दोघांनी कोपरान् कोपरा बघितला. माझ्या आईबापाची हाडं तळाशी नीट लावलेली होती. जोर्ज नव्हता.

नेनूला बोल लावून उपयोग नाही. इथे जन्मला नसेल त्याच्याकडून हे असंच होणार. बुहाजर हे नाव अरबांच्या वेळचं. त्यांचं राज्य गेलं, बोली आमच्या तोंडात राहिली. अबू हजर, दगडाचा बाप. म्हणून दगडाच्या खाणी जिथे, तिथे बुहाजर फार. खाणीवर एकदा लिबियाचा एक मजूर आला होता. माझं नाव ऐकून तो हातातली छिन्नी टाकून हसला. म्हणाला, आमच्याकडे शब्द दोन्ही आहेत, पण या आडनावाचा माणूस मी अजून बघितला नाही. म्हणजे दगडाचे बाप सगळे या एवढ्याशा बेटावर, आणि इथून बोटीत बसून गेले ते मेलबर्नला, टोरंटोला, डेट्रॉइटला.

आमच्या गावात ‘ए बुहाजर’ अशी हाक मारली तर अर्धा चौक वळून बघेल. त्यामुळे प्रत्येक घराला टोपणनाव. आम्ही गोगलगाईंचे, कारण पणजा गोगलगाई गोळा करून विकायचा. कुणी मधाचे, कुणी लंगड्याचे. आडनाव सरकारसाठी, टोपणनाव माणसांसाठी. गावात कुणी मेलं तरी टोपणनावाशिवाय सांगत नाहीत, नाहीतर चुकीच्या घरी रडायला गर्दी व्हायची. फक्त संगमरवरावर ते कोरत नाहीत. कोणती कबर कोणाची हे गावाला ठाऊकच, आणि गाव उठून कुठे जाणार होतं?

पेटी घेऊन आलेली ती बाई गावातल्या फिलुमेनाकडे वरच्या खोलीत भाड्याने राहिली होती. फिलुमेना दारातच भेटली. तिने माझे दोन्ही हात धरले, चेन्साचं नाव घेऊन डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "तुझी चुलतबहीण वर सामान भरतेय. उद्या रात्रीचं विमान आहे."

"माझी चुलतबहीण कशी?"

"मग कोण? तुमच्याच कबरीत तर बाप ठेवला. मी तिला म्हटलं, विस्टिनचा राग धरू नकोस, बायको हॉस्पिटलात आहे म्हणून आला नाही."

"तुला कुणी सांगितलं ती माझी म्हणून?"

"सगळेच म्हणत होते."

"सगळे म्हणजे कोण?"

फिलुमेनाने जरा विचार केला. "सगळे म्हणजे आधी मी म्हणाले," ती म्हणाली.

वर दार उघडंच होतं. बाई साठीला टेकलेली, उंच, केस कापलेले, पायांत पळायचे बूट. पलंगावर सुटकेस उघडी. तिने तोंड उघडलं आणि मला माझी आजी आठवली. बाप एकोणिसाव्या वर्षी बोटीत बसताना जी बोली घेऊन गेला, तीच त्याने लेकीला दिली होती. आमच्या गावात तसं आता कुणी बोलत नाही.

"तुमी विस्टिन न्हवं? पाद्रीबाबांनी सांगितलं व्हतं. तुमच्या मालकिणीचं लई वाईट झालं. बसा की. म्या डोरीन."

"डोरीन, तू कोणाची?"

"साल्वू बुहाजरची. साल्वूच्या साल्वूची."

"ते झालं. पण कोणाचे? घराला काय म्हणायचे लोक?"

"बुहाजर. बा म्हनायचा, आपुन बुहाजर, तेवढं पुरं हाय. अन् पुरतबी व्हतं. आमच्या भागात टेलिफोनच्या पुस्तकात दोनच बुहाजर. एक म्या, एक माझा भाऊ."

मी पुढे बोलणार, तेवढ्यात तिने खोलीचं दार लावलं. माझ्यासमोर पलंगावर बसली. तिचे हात मांडीवर एकमेकांत अडकवलेले होते.

"तुमी जुनं माणूस. एक इचारते, खरं सांगा. माझ्या आजाला कुणी मारला?"

"मारला?"

"बा म्हनायचा, आजा छातीच्या दुखण्यानं गेला, अंथरुणात. पन म्या त्याचं डोकं या हातांनी उचललं. हितं, डाव्या अंगाला, माझी तीन बोटं जातील एवढं फुटलंय. तीन आठवडे डोळ्याला डोळा नाय. कुणाला इचारलं नाय, म्हटलं गावात अजून वैर असंल, आपुन परकी बाई."

मी काय केलं ते मला नीट सांगता येत नाही. खुर्चीवर होतो, तिथेच होतो. तिने पाणी आणून माझ्या हातात दिलं, ते माझ्या विजारीवर सांडलं. जोर्जला खाणीतून वर काढला तेव्हा मी त्याच्या डोक्याला माझा सदरा बांधला होता, तो पुढे पेटीतही कुणी सोडला नाही. ती जखम त्यानंतर कुणी बघितली नव्हती. चेन्सानेही नाही.

"ते डोकं कुठे आहे?" मी विचारलं.

तिने सुटकेसकडे बघितलं.

"डोरीन, कुठे आहे?"

"पाद्रीबाबांना सांगू नका." तिने सुटकेसमधले स्वेटर बाजूला केले. खाली निळ्या फुलांच्या चादरीचं गाठोडं होतं. "आजी तिकडं मेलबर्नला पुरलीय. आजा गेल्यावर लेकांनी तिला नेलं. मरताना साल्वू साल्वू करत व्हती. समदे म्हनले, लेकाला बोलावतीया. बा म्हनला, मला न्हवं, माझ्या बाला. बाची विच्छा व्हती की आपल्याला गावात पुरावं. मंग म्या ठरवलं, त्याला हितं आणायचं अन् आजाला तिकडं न्यायचं, आजीपाशी."

"विमानात? सामानातून?"

"इमानतळावर चीज अन् मटण धुंडाळत्यात. आजा कोन धुंडाळतंय."

ती हसली. मी हसलो नाही हे बघून तिचं हसू गेलं.

"तो तुझा आजा नाही," मी म्हटलं. "तो माझा मुलगा आहे."

"न्हाय," ती म्हणाली.

"तुझा आजा तुझा बाप म्हणाला तसाच गेला असेल, छातीने. ही कबर आमची आहे, गोगलगाईंची. हे डोकं जोर्जचं आहे, त्याला खाणीत दगड लागला. खालचा पुढचा एक दात नसेल बघ. बारा वर्षांचा असताना सणाच्या मिरवणुकीत ढोलाच्या काठीने पडला होता."

तिने गाठ सोडली. मी खिडकीकडे तोंड केलं. गाठोड्यात हाड हाडावर वाजलं तेवढं ऐकू आलं. मग पुन्हा गाठ बांधल्याचा आवाज.

"नाय त्यो दात," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "किती वरसांचा व्हता?"

"बावीस."

"आन् म्या रोज निजताना याच्याशी बोलत व्हते. आजा म्हनून. नवरा कसा सोडून गेला, लेक फोन करत नाय, समदं सांगितलं." तिने तोंडावर हात दाबला. "बावीस वरसांच्या पोराला."

गाठोडं आम्हा दोघांच्या मध्ये होतं. खाली फिलुमेना जिन्यावर उभी होती, तिच्या चपला वाजत होत्या.

"मंग आमची कबर कंची?" डोरीनने विचारलं.

तेव्हा मी तिच्या कानांकडे नीट बघितलं. असे बाहेर आलेले कान गावात एकाच घराचे होते. ती सगळी भावंडं एकामागून एक गेली, कुणी मेलबर्नला, कुणी टोरंटोला, आणि घराला कुलूप लागलं. त्यांना ओळखणारा आता माझ्यासारखा एखादा उरला असेल.

"तुम्ही पिसवांचे," मी म्हटलं.

"कशाचे?"

"पिसू. चावते ती. तुझा पणजा का खापरपणजा चर्चमध्ये प्रार्थनेच्या मध्यावर अंग खाजवायचा म्हणतात. तेव्हापासून पिसवांचे. तुझ्या बापाला शाळेत पोरं पाठ खाजवून दाखवायची."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला बापाच्या दुसऱ्या लग्नाबद्दल सांगितलं होतं.

"साठ वरसं," ती म्हणाली. "साठ वरसं त्या मानसानं आमाला सांगितलं नाय. मरताना बी नाय. नुसतं म्हनला, बुहाजरांच्या कबरीत ठेव."

"लाज वाटली असेल."

"लाजेपायी गोगलगाईंत जाऊन झोपला की." मग ती रडायला लागली. बाप आणल्यापासून पहिल्यांदाच रडत असावी, असं रडणं होतं.

पाद्रीबाबा नवे आहेत, भले आहेत. गाठोड्याचं वगळून आम्ही सांगितलं ते ऐकून ते आधी बसले, मग उठले, मग पुन्हा बसले. म्हणाले, पेटी हलवायची तर सरकारची परवानगी लागेल, तिला महिने लागतील. नाहीतर वर्ष सरेपर्यंत थांबा. चेन्साची प्रार्थना उद्या दुपारी. भिंतीकडच्या शेवटच्या कबरीवरही ‘साल्वू बुहाजर आणि कुटुंब’ असंच कोरलेलं आहे, शेवाळात बुडालेलं. ती पिसवांची. तीत जागा होती. पण तिच्यावर हक्क डोरीनचा, तिने हो म्हटल्याशिवाय चेन्साला तिथे ठेवता येत नव्हतं.

"आधी उघडा," बाहेर आल्यावर डोरीन म्हणाली. "माझा आजा मला दावा. मंग तुमी माझ्या कबरीत या, अन् म्या माझा आजा घेऊन जाते."

गाठोडं तिने मला दिलं नव्हतं. काखेत धरून ती चालत होती आणि मी मागत नव्हतो. उगाच बोलायला जावं आणि तिने नाही म्हणावं, याची मला भीती वाटत होती.

नेनूने शिळा काढली. आत कोरडं होतं. जाण्याआधी पिसवांनी आपली कबर आवरून ठेवली होती, घर आवरावं तशी. सगळी हाडं एका कोपऱ्यात नीट रचलेली, लांब हाडं खाली, कवट्या वर. सहा कवट्या. एकीवरही खूण नाही.

नेनू आत उतरून उभा राहिला. "यातला कुठला?" त्याने वर बघत विचारलं.

डोरीनने माझ्याकडे बघितलं. "तुमी वळखत व्हता त्याला."

ओळखत होतो. रोज सकाळी खाणीच्या वाटेवर भेटायचा. बुटका, जाड मिशांचा, भेटला की हवेबद्दल तक्रार करायचा. पण कवटीला मिशा नसतात. मी सहाही बघितल्या, पुन्हा बघितल्या. त्या माझ्याकडे सारख्याच बघत होत्या.

"सांगा की."

खरं सांगायचं तर माझं बोट वर उठलं होतं. उजवीकडची म्हटली असती तर नेनूने ती उचलून दिली असती. डोरीन खूष होऊन गेली असती, जोर्ज मला मिळाला असता, चेन्साला जागा मिळाली असती. मेलबर्नच्या म्हातारीच्या शेजारी कुणी पिसू गेला, नवरा की सासरा, हे तिला कोण सांगायला बसलंय. मला हवं ते सगळं त्या एका बोटाच्या अंतरावर होतं. पण काखेत गाठोडं धरून ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि त्या गाठोड्यात माझा मुलगा होता. खूण नसताना ‘हाच तो’ म्हणून उचललेला.

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं.

"नीट बघा."

"बघितलं. नाही सांगता येत, पोरी. मी बोट दाखवलं तर ते खोटं ठरेल."

ती कबरीच्या कडेला खाली बसली. नेनू आत तसाच उभा होता, बाहेर यावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. मला वाटलं, आता ही नाही म्हणणार आणि उठून जाणार. गेली असती तर मी काय करणार होतो?

"एकाला चुकीचं इमानात बसवत व्हते," ती शेवटी म्हणाली. "दुसऱ्याला नको. राहू दे समद्यांना हितंच." मग नेनूला म्हणाली, "झाडून घे. जागा कर बाईंना."

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. घंटेसोबत ‘गोगलगाईंच्या विस्टिनची चेन्सा’ असं सांगितलं गेलं, त्यामुळे माणसं बरोबर आली. मी पुढच्या बाकावर होतो, चेन्साची पेटी माझ्यासमोर. डोरीन शेवटच्या बाकावर बसली होती. मी सारखा मागे वळून बघत होतो. शेजारच्याला वाटलं मला चक्कर येतेय, त्याने दंड धरला. डोरीनच्या मांडीवर बाजाराची हिरवी कापडी पिशवी होती. पुढे आई, मागे पिशवीत मुलगा, मध्ये अख्खं गाव बसून प्रार्थना म्हणत होतं आणि कुणाला काही माहीत नव्हतं.

दफनभूमीत लोक सवयीने डावीकडे वळले. मी उजवीकडे, भिंतीच्या दिशेने निघालो. मागून कुणीतरी म्हणालं, "विस्टिनचं डोकं ठिकाणावर नाही, बिचारा." पाद्रीबाबा माझ्यामागे वळले, तेव्हा मग सगळे वळले.

पेटी खाली उतरवली. नेनूने वर बघून हळूच विचारलं, "उशाशी की पायाशी?" डोरीनने बूट काढले, शिडीवरून आत उतरली आणि कुणी काही म्हणायच्या आत गाठोडं पेटीच्या कडेला, चेन्साच्या उजव्या हाताच्या बाजूला टेकवून ठेवलं. लागून. मग हाताने तिथली धूळ साफ केली. वर आली तेव्हा तिचे गुडघे पिवळ्या दगडाच्या भुकटीने भरले होते.

शिळा बसली. लोक रांगेने माझा हात हातात घेऊन गेले. कोणाचा हात गरम, कोणाचा गार, मला काहीच कळलं नाही. शेजारी डोरीन उभी होती म्हणून लोकांनी तिचाही हात घेतला, आणि तिने सगळ्यांना तिच्या जुन्या बोलीत उत्तर दिलं.

गर्दी गेल्यावर ती म्हणाली, "तुमचीबी जागा हाय हितं. पाद्रीबाबांपाशी लिहून दिलंय म्या."

नेनू सांध्यात सिमेंट भरत होता. त्याने मान वर केली. "काका, पण ही आता वर्षभर उघडता येणार नाही. आणि तुमची ती दुसरीही नाही. मधल्या वेळात जरा जपून राहा."

"म्हणजे मला मरता येणार नाही."

"वर्षभर नाही."

मी बरं म्हटलं, आणि घरी गेलो.